हवामान बदलाच्या शिक्षणात विद्यापीठातील विद्यार्थ्यांची भागीदारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवामान बदलावरचा अभ्यासक्रम आखताना विद्यार्थ्यांना सोबत घ्यावे, असे अनेक विद्यापीठांत बोलले जाते. पण ‘सोबत घेणे’ म्हणजे काय, याबद्दल प्राध्यापक, विभागप्रमुख आणि स्वतः विद्यार्थी यांच्या मनात वेगवेगळी चित्रे असतात. त्या फरकातून जे प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

विद्यार्थी वर्गात भाग घेतातच. मग ‘सक्रिय भागीदार’ म्हणजे वेगळे काय?

वर्गात प्रश्न विचारणे, गटचर्चेत बोलणे, नेमून दिलेला प्रकल्प पूर्ण करणे हा सहभाग झाला. भागीदारी त्याच्या पुढची आहे. काय शिकवायचे, कोणत्या क्रमाने शिकवायचे, उदाहरणे कुठली घ्यायची आणि शिकलेले कशावरून पारखायचे, यांपैकी निदान एखाद्या बाबतीत विद्यार्थ्याच्या म्हणण्याने निर्णय बदलू शकत असेल, तरच त्याला भागीदार म्हणावे. अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ साली नागरी सहभागाची आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली होती. तिच्यात माहिती देणे तिसऱ्या पायरीवर, मत विचारणे चौथ्या पायरीवर आणि भागीदारी सहाव्या पायरीवर आहे. मधली पाचवी पायरी आहे समजूत काढण्याची, म्हणजे समितीत जागा द्यायची आणि निर्णयाचा अधिकार मात्र आपल्याकडेच ठेवायचा. विद्यापीठांच्या समित्यांवरील पुष्कळ विद्यार्थी प्रतिनिधी या पाचव्या पायरीवरच बसलेले असतात, आणि बहुधा त्यांना ते ठाऊकही असते.

आम्ही सत्राच्या शेवटी अभिप्राय घेतो. ते पुरेसे नाही का?

नाही. तो अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा काहीच उपयोग होत नाही, झालाच तर पुढच्या तुकडीला होतो. आणि त्याने लिहिलेल्या सूचनेचे पुढे काय झाले, हे त्याला कोणी कळवत नाही. अभिप्राय घ्यावा, पण त्याला भागीदारी म्हणू नये.

हवामान बदलाच्याच विषयात याची एवढी गरज का आहे?

पहिले कारण विषयाच्या स्वरूपात आहे. हवामान बदल कोणत्याही एका विभागाच्या ताब्यात मावत नाही. वातावरणात येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या उष्णतेचे गणित भौतिकशास्त्रात येते, पिकांवरील परिणाम कृषिशास्त्रात, कर्बकराचा, म्हणजे कार्बन उत्सर्जनावरील कराचा प्रश्न अर्थशास्त्रात आणि नुकसानीची जबाबदारी कोणाची हा प्रश्न कायद्यात. एकाच सत्रात तीन विभागांच्या वर्गांत बसणारा विद्यार्थी या तुकड्यांमधल्या फटी जितक्या स्पष्ट पाहतो, तितक्या आपापल्या विभागात काम करणाऱ्या प्राध्यापकांना त्या दिसत नाहीत. एखादी संकल्पना तीनदा शिकवली गेली आणि दुसरी एकदाही नाही, हे सांगणारा बहुतेक वेळा विद्यार्थीच असतो.

दुसरे कारण काळाशी निगडित आहे. आज विशीत असलेली व्यक्ती या शतकाच्या उत्तरार्धातही कामकाजाच्या वयात असेल. ज्या निर्णयांविषयी वर्गात शिकवले जाते, त्यांचे परिणाम तिला अंगावर घ्यावे लागतील. आंतरराष्ट्रीय करारांतही शिक्षण आणि लोकसहभाग एकत्रच येतात. १९९२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक आराखडा कराराचे कलम ६ आणि २०१५ च्या पॅरिस कराराचे कलम १२ या दोन्हींत शिक्षण, प्रशिक्षण, जनजागृती, लोकसहभाग आणि माहितीची उपलब्धता यांचा उल्लेख एका दमात केलेला आहे. शिक्षण द्यायचे आणि सहभाग नंतर पाहू म्हणायचे, ही फारकत करारांना अभिप्रेत नाही.

विद्यार्थ्यांना विषयाचे पुरेसे ज्ञान नसते. ते अभ्यासक्रम कसा ठरवणार?

हा सर्वांत प्रामाणिक आक्षेप आहे आणि त्याला सविस्तर उत्तर हवे. विषयाचे ज्ञान प्राध्यापकाकडे असते, हे मान्यच आहे. परंतु तो विषय पहिल्यांदा समजून घेताना पाय कुठे अडखळतो, याचे ज्ञान प्राध्यापकाकडे उरलेले नसते. कारण तो स्वतः तेथे अडखळला होता, त्याला वीस वर्षे लोटलेली असतात.

याचे चांगले उदाहरण म्हणजे उत्सर्जन आणि वातावरणातील प्रमाण यांमधला गोंधळ. उत्सर्जन वाढायचे थांबले की हवेतील कार्बन डायऑक्साइडही वाढायचा थांबेल, असे अनेकांना सहज वाटते. प्रत्यक्षात हौदात नळाने पडणारे पाणी मोरीतून वाहून जाणाऱ्या पाण्यापेक्षा अधिक असेल, तर नळाची धार कायम ठेवूनही पातळी चढतच राहते. माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी निम्म्याहून थोडा अधिक भाग समुद्र आणि जमीन शोषून घेतात, उरलेला हवेत साठत जातो. औद्योगिकीकरणापूर्वी दशलक्ष भागांत सुमारे २८० असलेले त्याचे प्रमाण ४२० च्या पुढे गेले आहे, ते या साठण्यामुळेच. जॉन स्टरमन आणि लिंडा बूथ स्वीनी यांनी अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांची याच बाबतीत परीक्षा पाहिली, तेव्हा गणित आणि विज्ञानाची उत्तम तयारी असलेल्यांपैकीही बहुसंख्य चुकले. ही चूक कुठल्या शब्दामुळे किंवा कुठल्या आलेखामुळे होते, हे नुकताच त्यातून बाहेर पडलेला विद्यार्थी नेमके सांगू शकतो. त्याच्याकडून पाठ तपासून घेणे म्हणजे विज्ञानाचा अधिकार सोडून देणे नव्हे.

अशी भागीदारी प्रत्यक्षात कुठे झाली आहे का?

स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात १९९२ साली विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने मानव आणि निसर्ग यांच्या संबंधांवरील एक अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९९५ साली त्याच प्रयत्नातून सेमुस हे केंद्र उभे राहिले. तेथे विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम समन्वयक म्हणून पगारी कामावर घेतले जाते. ते सत्राची आखणी करतात, वाचनसाहित्य निवडतात आणि वेगवेगळ्या विद्याशाखांमधून व्याख्याते बोलावतात. संशोधक आणि प्राध्यापकांचा गट त्यांच्या पाठीशी असतो. हा प्रयोग तीन दशकांहून अधिक काळ टिकला आहे, आणि माझ्या मते त्याचे श्रेय विद्यार्थ्यांच्या उत्साहाइतकेच त्यांना नोकरीवर घेण्याच्या साध्या प्रशासकीय निर्णयाला आहे.

दुसरे उदाहरण अगदी निराळ्या जातीचे आहे. २०१९ साली दक्षिण प्रशांत विद्यापीठातील २७ विधी विद्यार्थ्यांनी असा विचार मांडला की हवामान बदलाबाबत राष्ट्रांची कायदेशीर कर्तव्ये कोणती, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयालाच विचारावे. त्यांनी संघटना उभारली, प्रशांत महासागरातील सरकारांना पत्रे लिहिली, आणि वानुआतूच्या सरकारने हा विषय हाती घेतला. २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तसा ठराव सर्वसहमतीने मंजूर केला आणि २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने आपले सल्लागार मत दिले. प्रत्येक वर्गातून असे काही निघेल, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. पण पदवीच्या विद्यार्थ्यांकडून ‘सरावासाठीचे’ काम करून घ्यायचे की खरे काम, हा प्रश्न प्रत्येक प्राध्यापकापुढे असतो, आणि या २७ जणांनी सराव न करता खरे काम केले.

सुरुवात कुठून करावी?

एका अभ्यासक्रमातील एका घटकापासून. संपूर्ण पदवीची पुनर्रचना करण्यासाठी समिती नेमली की दोन वर्षे बैठकांत जातात, आणि ज्या विद्यार्थ्यांसाठी ती नेमली ते तोवर पदवी घेऊन निघून गेलेले असतात. त्याऐवजी, तो अभ्यासक्रम आधीच्या वर्षी पूर्ण केलेले दोन किंवा तीन विद्यार्थी घ्यावेत. सत्र सुरू होण्यापूर्वी त्यांच्यासोबत बसून एका घटकाची उद्दिष्टे, उदाहरणे आणि गृहपाठ नव्याने लिहावा. सत्र चालू असताना त्यांनी दोन-तीन तासांना मागे बसून निरीक्षण करावे आणि सत्रानंतर काय साधले, काय फसले याची नोंद एकत्र करावी. एकटा विद्यार्थी घेऊ नये. प्राध्यापकासमोर एकट्याने ‘हे कळत नाही’ म्हणणे फार अवघड असते, दोघे असले की एकमेकांना आधार होतो.

पहिल्याच बैठकीत एक गोष्ट लिहून काढावी: कोणते निर्णय या गटाच्या हातात आहेत आणि कोणते नाहीत. परीक्षेची तारीख, एकूण श्रेयांक, विद्यापीठाने ठरवलेली किमान पात्रता या गोष्टी बदलता येणार नसतील, तर तसे आधीच सांगावे. न बदलणाऱ्या गोष्टींची यादी ऐकून विद्यार्थी नाराज होत नाहीत. सगळे खुले आहे असे सांगून महिन्याभराने ‘हे मात्र शक्य नाही’ म्हटले की होतात.

विद्यापीठाचा परिसर अभ्यासाचा विषय करता येईल का?

यासारखी प्रयोगशाळा दुसरी मिळणार नाही. इमारती, वाहने, वसतिगृहे, भोजनगृहे, खरेदी, प्रवास असे एखाद्या लहान शहराचे सगळे व्यवहार एका प्रशासनाखाली चालतात आणि त्यांची कागदपत्रे कुठे ना कुठे असतात. हरितगृह वायूंच्या हिशेबासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या आणि २००१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉलनुसार उत्सर्जनाचे तीन गट पाडतात. संस्थेने स्वतः जाळलेले इंधन पहिल्या गटात येते, विकत घेतलेली वीज दुसऱ्यात, आणि प्रवास, खरेदी, कचरा, बांधकाम अशा साखळीतील बाकी सर्व गोष्टी तिसऱ्यात. पहिल्या दोन गटांचा हिशेब बिलांवरून निघतो. तिसरा गट बहुतेकदा सर्वांत मोठा असतो आणि तोच मोजायला सर्वांत अवघड असतो, म्हणून खरे शिक्षण तेथे होते: किती कर्मचारी कशाने येतात, परिषदांसाठी विमानप्रवास किती होतो, हे विचारायला विद्यार्थ्यांनाच प्रश्नावली करावी लागते, नमुना निवडावा लागतो आणि अनिश्चितता मान्य करावी लागते.

हिशेबाचे सूत्र साधे आहे: वापर गुणिले उत्सर्जन गुणांक, म्हणजे एका एककाच्या वापरामागे बाहेर पडणारा वायू. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एक लिटर डिझेलचे वजन एक किलोही नसते, मग पावणेतीन किलो वायू आला कुठून, असा प्रश्न एखादा विद्यार्थी हमखास विचारतो; उरलेले वजन हवेतल्या ऑक्सिजनचे, हे उत्तर शोधताना रसायनशास्त्राचा एक धडा आपोआप होऊन जातो.

मोजणी झाली की निर्णयाकडे जावे लागते आणि तेथे भागीदारीची कसोटी लागते. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत नमुने उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवणारे शीतकपाट असतात. त्यांचे तापमान उणे ७० वर आणल्यास विजेच्या वापरात साधारण ३० टक्क्यांच्या आसपास बचत होते. विद्यार्थ्यांनी हे आकडे मांडले, तरी कपाटात ज्यांचे नमुने आहेत त्या संशोधकांची संमती लागते, आणि ती का मिळत नाही हे समजून घेणे हाही अभ्यासच आहे. अहवाल सादर झाला, टाळ्या वाजल्या आणि फाइल कपाटात गेली, असे होऊ द्यायचे नसेल तर प्रकल्प सुरू होण्याआधीच ठरवावे की अहवाल कोणत्या अधिकाऱ्याकडे जाईल आणि त्याचे लेखी उत्तर किती दिवसांत येईल. याची तयारी नसेल, तर असा प्रकल्प हाती न घेतलेला बरा.

विद्यार्थी भागीदार कसे निवडावेत?

खुला अर्ज ठेवावा आणि अर्जात गुणपत्रिका मागू नये. पर्यावरण मंडळाचे उत्साही कार्यकर्ते आपणहून येतातच. पण ज्याला हा विषय कंटाळवाणा वाटला किंवा ज्याने तो अर्ध्यात सोडला, असा विद्यार्थी गटात असणे जास्त मोलाचे ठरते. शक्य तेथे दोन वेगळ्या विद्याशाखांचे विद्यार्थी घ्यावेत.

त्यांना मानधन द्यावे की श्रेयांक?

दोन्हींपैकी एक तरी द्यावेच. विनामोबदला काम ठेवले की शिकता शिकता नोकरी करणारे, घर सांभाळणारे किंवा लांबून येणारे विद्यार्थी आपोआप गळतात आणि उरलेल्यांच्या मतालाच ‘विद्यार्थ्यांचे मत’ म्हटले जाते. हवामान बदलाचा फटका सर्वांना सारखा बसत नाही, असे ज्या अभ्यासक्रमात शिकवायचे, त्याच्या आखणीत फुरसत असलेल्यांनाच जागा असावी, हे विसंगत दिसते. मानधन द्यायचे तर तासांची नोंद ठेवावी. श्रेयांक द्यायचे तर कामासोबत चिंतनपर लेखन जोडावे, म्हणजे त्याचे मूल्यमापन करता येते.

गुण कोण देणार?

अंतिम गुण प्राध्यापकच देतात आणि ही जबाबदारी वाटून घेऊ नये. मात्र निकष लिहिण्याच्या कामात विद्यार्थ्यांना घेता येते. उदाहरणार्थ, एखाद्या धोरणावरील टिपणात चांगला पुरावा कशाला म्हणावे, हे संपूर्ण वर्गाने मिळून ठरवले, तर ‘गुण का कापले’ या प्रश्नावर वाद कमी होतात. ज्या विद्यार्थ्याने त्या सत्रात तोच अभ्यासक्रम घेतला आहे, त्याच्या हाती प्रश्नपत्रिका किंवा इतरांच्या उत्तरपत्रिका कधीही जाऊ नयेत.

यातून वर्गात राजकारण शिरणार नाही का?

विज्ञान आणि धोरण यांतील सीमारेषा स्पष्ट ठेवली, तर भीतीचे कारण नाही. मानवी कृतींमुळे वातावरण, समुद्र आणि जमीन तापली आहे, हे निःसंदिग्ध असल्याचे आयपीसीसीने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक आंतरसरकारी वैज्ञानिक मंडळाने, २०२१ साली सहाव्या मूल्यमापन अहवालात नोंदवले आहे. त्यावर ‘दोन्ही बाजू’ मांडण्याचा आग्रह धरणे म्हणजे समतोल नव्हे. याउलट कर्बकर असावा की नियमन, अणुऊर्जा वाढवावी की नाही, खर्चाचा वाटा कोणी किती उचलावा, हे मूल्यांचे प्रश्न आहेत आणि त्यांवर वर्गात खुले मतभेद असलेच पाहिजेत. विद्यार्थी भागीदाराने स्वतःचे मत लपवू नये, परंतु त्याच्याशी असहमत असलेल्या सहाध्यायाला पाठात जागा आहे की नाही, हे त्यानेच तपासून पाहावे.

आंदोलनाचा मुद्दा वेगळा आहे. बार्सिलोना विद्यापीठात नोव्हेंबर २०२२ मध्ये विद्यार्थ्यांनी ठिय्या दिल्यानंतर हवामान संकटावरील अभ्यासक्रम सर्वांसाठी अनिवार्य करण्याचे विद्यापीठाने मान्य केले. मागणी रास्त होती. ती मान्य होण्यासाठी इमारत व्यापावी लागली, याचा विचार इतर विद्यापीठांच्या प्रशासनांनी करावा.

आधीच चिंतेत असलेल्या विद्यार्थ्यांवर हा आणखी एक भार नाही का?

चिंता खरी आहे. ‘द लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, १० देशांतील १६ ते २५ वयाच्या १०,००० तरुणांच्या पाहणीत ५९ टक्के जणांनी आपण हवामान बदलाबद्दल खूप किंवा अतिशय चिंतित असल्याचे सांगितले, आणि ४५ टक्क्यांहून अधिक जणांनी या भावनांचा रोजच्या जगण्यावर वाईट परिणाम होतो असे म्हटले. हाताला काम आणि सोबतीला माणसे मिळाली की असहायता काहीशी कमी होते, हे खरे. पण ते काम कुठेही पोहोचले नाही, तर निराशा दुणावते. म्हणून काम लहान आणि पूर्ण होण्याजोगे असावे. ‘आता सारे तुमच्याच हाती आहे’ अशी वाक्ये तरुणांसमोर बोलणे मोठ्यांनी कृपया थांबवावे. ऊर्जाप्रकल्पांचे आणि अर्थसंकल्पांचे निर्णय आज त्यांच्या हाती नाहीत. विद्यार्थी भागीदाराला समुपदेशकाचे काम करायला लावू नये, आणि ज्याला थांबायचे असेल त्याला कारण न विचारता थांबू द्यावे.

विज्ञानशाखेबाहेरच्या विभागांना यात काय करता येईल?

कायद्याचे उदाहरण वर आलेच आहे. वाणिज्य शाखेत उत्सर्जनाचा ताळेबंद तपासता येतो, वास्तुशास्त्रात एखाद्या जुन्या इमारतीची उष्णता मोजता येते, वैद्यकशास्त्रात उष्माघाताचे प्रकरण अभ्यासता येते आणि भाषाविभागात हवामानशास्त्राची परिभाषा सोपी करता येते. शेवटचे काम क्षुल्लक समजू नये. अनेक भाषांत या विषयाची सुबोध पाठ्यसामग्री फारच थोडी आहे.

तयार साधने कोणती आहेत?

क्लायमेट इंटरॅक्टिव्ह आणि एमआयटी स्लोन यांनी विकसित केलेले एन-रोड्स हे हवामानाचे संगणकीय प्रतिमान (मॉडेल) ब्राउझरवर विनामूल्य चालते. कोळशावरील कर, वनीकरण, ऊर्जाबचत अशी बटणे सरकवली की २१०० सालचे अंदाजित तापमान बदलताना दिसते, आणि एकट्या वृक्षारोपणाने ते किती थोडे हलते, हे पाहून वर्गात शांतता पसरते. क्लायमेट फ्रेस्क हा आयपीसीसीच्या अहवालांवर आधारलेल्या ४२ पत्त्यांचा खेळ सुमारे तीन तासांत होतो आणि खेळलेला विद्यार्थी प्रशिक्षण घेऊन पुढच्या गटाचा मार्गदर्शक होऊ शकतो. साधने चांगली आहेत, पण खेळ संपल्यावरची चर्चा विद्यार्थी भागीदारांनी आधी आखून ठेवलेली नसेल, तर ती करमणुकीच्या पुढे जात नाही.

विद्यार्थी तीन-चार वर्षांत निघून जातात. सातत्य कसे राखावे?

दरवेळी एक अनुभवी आणि एक नवा विद्यार्थी अशी जोडी ठेवावी, आणि जाणाऱ्याने हस्तांतर टिपण लिहिल्याशिवाय त्याचे काम संपले असे मानू नये. त्या टिपणात आकडे कोणाकडून मिळतात, कोणत्या कार्यालयात कोणता अर्ज लागतो आणि काय करून पाहिले पण जमले नाही, हे असावे. तिसरी बाब लोक लाजून लिहीत नाहीत, म्हणून ती मुद्दाम मागून घ्यावी.

भागीदारी साधली की नाही, हे कशावरून ठरवावे?

समाधानाच्या प्रश्नावलीवरून ठरवू नये. विषय समजला का, हे पाहण्यासाठी हौदाच्या उदाहरणासारखा एखादा प्रश्न सत्राच्या आधी, सत्रानंतर आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचारावा. भागीदारीसाठी मात्र एक साधी निर्णयवही पुरते: सूचना कोणाची, निर्णय काय झाला, कारण काय, आणि ते कारण सुचवणाऱ्याला कळवले का. वर्षाअखेरीस ती वही विद्यार्थी आणि प्राध्यापक यांनी एकत्र बसून वाचावी. सगळ्याच सूचना नाकारलेल्या दिसल्या, तर दोष कुठे आहे ते उघडच आहे. आणि एकही नाकारलेली दिसली नाही, तर विद्यार्थ्यांनी मान्य होतील एवढ्याच सूचना केल्या होत्या का, हे त्यांना विचारावे.